खचलेल्या कोपऱ्याबद्दल, आबांना

आबा, माझं घर खचतंय. सगळं नाही, एक कोपरा. धुळ्याला देवपूरच्या पुढे पाच वर्षांपूर्वी आम्ही बांधलेलं घर. तुम्ही ते पाहिलेलं नाही, तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला जी खोली आहे, तिच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि विटांच्या सांध्यासांध्यातून, पायऱ्या उतरल्यासारखी, तिरपी जमिनीकडे गेली. आधी तिच्यात नख जात होतं, आता पेन्सिल जाते. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मी शाळाखोल्यांचे पाये तपासले, गावोगावच्या सरपंचांना त्यांच्या भिंतींवरच्या भेगा दाखवून घाम फोडला, आणि आता माझ्याच भिंतीत पेन्सिल जाते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं. पोचणार असतं तर मी ते लिहिलं नसतं, हेही कळतं.

घराचं सांगायचं आहेच, पण त्याच्या आधी वहिनीचं सांगते, कारण तिचं सांगितल्याशिवाय घराचं सांगता येणार नाही. मला वहिनीचा हेवा वाटतो. ही कालपरवाची गोष्ट नाही. तुम्ही तिला पहिल्यांदा पाया बघायला घेऊन गेलात तेव्हापासून, म्हणजे चोवीस वर्षं तरी, मी हा हेवा व्यवस्थित सांभाळला आहे. तिच्या समोर मी कधी वाकडा शब्द काढला नाही. दर दिवाळीला साडी दिली, तिच्या मुलीच्या लग्नात चार दिवस आधी जाऊन राहिले. जळगावात सगळे म्हणतात, नणंद असावी तर अशी. त्यांना काय माहीत!

तुम्ही पायाचे मिस्त्री. मेहरूणपासून एरंडोलपर्यंत कोणी घर बांधायचं मनावर घेतलं की आधी तुम्हाला बोलवायचा आणि मग भटजींना. तुम्ही प्लॉटवर जाऊन काही बोलायचा नाहीत, चपला काढून नुसतं चालायचात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत हात घालायचात, कोपरापर्यंत गेला तर मान हलवायचात. आजूबाजूला कडुनिंब आहे का, जुनी विहीर बुजवली आहे का, शेजारच्याच्या नहाणीचं पाणी कुठं सुटतं, हे विचारायचात. मी शाळेत असताना किती वेळा म्हटलं असेल, आबा, मला न्या ना. तुम्ही म्हणायचात, "तठे काय शे देखाले? खड्डा शे." खड्डाच तर बघायचा होता मला.

म्हणून मी पॉलिटेक्निकला सिव्हिल घेतलं. वर्गात आम्ही तीन मुली. तुम्ही फॉर्मवर सही केलीत. मला वाटलं होतं, आता पास झाले की तुम्ही म्हणाल, चल, देख आते. निकालाच्या दिवशी तुम्ही बाजारातून डबीतला पेनांचा जोड आणलात, माझ्या हातात दिलात आणि दारातल्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मनी आंडेर साहेब व्हयनी." लेक साहेब झाली! त्या दिवसापासून तुम्ही मला खुर्ची द्यायला लागलात. ओसरीवर मी आले की स्वतः उठून खुर्ची पुढे करायचात. मी तेव्हा त्या खुर्चीवर फुशारून बसले. मला कळायला हवं होतं की ज्याला खुर्ची देतात त्याला खड्ड्यात उतरवत नाहीत.

मग माझं लग्न झालं, धुळ्याला नोकरी लागली. भाऊ पाईपच्या कारखान्यात चिकटला, त्याला मातीचा कंटाळा. आणि तुमचा गुडघा गेला. वहिनी पाचोऱ्याची, दहावी पास, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. ती साइटवर तुमचा डबा घेऊन जायची. एके दिवशी तुम्हाला खड्ड्यात उतरता येईना, तर ती साडीचा काष्टा मारून उतरली आणि टेप धरून खोली सांगितली. एवढंच. ह्याला काय परीक्षा लागते, सांगा? मी तीन वर्षं कॉलेजात जाऊन, ड्रॉइंगच्या शीटवर डोळे फोडून जे मागितलं, ते तिला एका डब्याच्या बदल्यात मिळालं.

मला एक आखाजी आठवते, अक्षय्यतृतीयेचा दिवस. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, कारण त्या दिवशी तुमच्या दृष्टीनं काही विशेष घडलं नाही. मी माहेरी आले आहे. शेजारच्या निंबाला झोका बांधला आहे, आई परसात चूल मांडून खापरावर मांडे करते आहे, बादलीत आंबे भिजत घातलेत. आखाजीला आलेल्या लेकीनं इकडची काडी तिकडे करायची नाही, त्यामुळे मी झोक्यावर बसले आहे. पाऊस महिन्यावर आलेला, म्हणजे पाये खणायचे हेच दिवस, त्यामुळे तुम्ही सणाच्या दिवशीही साइटवर. मी सकाळीच म्हटलं होतं, मी पण येते. तुम्ही हसलात. "आखाजीले आंडेर झोका खेयस, पहार नही धरत." दुपारी तुम्ही आलात ते ओरडतच. तुमच्या मागे वहिनी, गुडघ्यापर्यंत काळी, खाली मान घालून.

तिनं काय केलं होतं ते मला तुमच्या ओरडण्यावरून कळलं. खणलेली काळी माती ढिगानं पडली होती, मुरमाची गाडी आली नव्हती, मजूर बसून होते, म्हणून तिनं जोत्याच्या आत तीच माती भरायला सांगितली. तुम्ही परसदारात उभे राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारत होता, "जी माटी बाहेर काढी, तिलेच परत घरमा बलावस? अक्कल शे का नही?" वहिनी म्हणाली, "चुकनं आबा." "चुकनं म्हनीसन भागत नही. पानकयामा ती फुगी, बठ्ठी फरशी वर उचली टाकी. उन्हायामा सुकी, मंग खाले बसी. घरना माणसं काय झोका खेतीत?" आणि एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे वळलात, तुमचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि म्हणालात, "बेटा, जेवनी का तू?"

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला तेव्हा तो झोका सोडून रडावंसं वाटलं. वहिनी बिचारी रडत होतीच, पण तिला वाटलं ती अपमानानं रडते आहे. मला कळत होतं की ती किती नशीबवान आहे. तुम्ही मला जन्मात कधी ओरडला नाहीत. शाळेत नापास झाले गणितात, तरी नाही. सायकल हरवली, तरी नाही. ज्याला ओरडतो त्याच्याकडून काहीतरी व्हायचं असतं, आणि माझ्याकडून तुमचं काही व्हायचं नव्हतं. मी पाहुणी होते. लेक परक्याचं धन, आणि परक्याच्या धनाला कोण ओरडतं?

त्याच संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. दोन काचेचे पेले मागितलेत. एकात वहिनीनं पायाच्या खड्ड्यातून आणलेल्या काळ्या मातीचा सुकलेला चुरा दोन बोटं भरलात, दुसऱ्यात तेवढाच मुरूम, आणि दोन्हींत पाणी ओतून फडताळात ठेवलेत. वहिनीला म्हणालात, "हात लावू नको. सकायले देख." सकाळी मुरूम होता तेवढाच तळाला बसला होता. काळी माती फुगून पेल्याच्या मध्यापर्यंत आली होती. वहिनी डोळे मोठे करून बघत होती. तुम्ही तिला सांगत होता की घर काही दगडाच्या वजनानं खाली जात नाही. सगळं घर एकदम बोटभर खाली गेलं तर कोणाला कळतसुद्धा नाही. घर मोडतं ते एक कोपरा जातो आणि तीन राहतात म्हणून. म्हणून सगळीकडची माती सारखी पाहिजे, ओल सारखी पाहिजे, आणि जमत असेल तर ती काळी ओलांडून खाली मुरमापर्यंत गेलं पाहिजे, तिथं उन्हाळा-पावसाळा पोचत नाही. मी तिथंच पाटावर बसले होते. आमच्या कॉलेजात ही परीक्षा दोन नळ्यांत करायचे, एका नळीत पाणी आणि दुसरीत रॉकेल, कारण रॉकेलमध्ये माती फुगत नाही आणि मग दोन्हींतला फरक मोजता येतो. मला पाठ होतं. मी तोंड उघडणार होते. पण कोणी विचारलं नाही, आणि आईनं माझ्या ताटात आणखी एक मांडा वाढला.

आणि ते बूट. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही वहिनीला रबरी गमबूट आणलेत. बायकांच्या मापाचे मिळत नव्हते, म्हणून तुम्ही अख्खा बाजार पालथा घातलात, असं आईनं मला मोठ्या कौतुकानं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवून मी कपाटातून तो पेनांचा जोड काढला आणि ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीला देऊन टाकला. ती दहावीला होती. ती खूश झाली. मी दोन दिवसांनी पस्तावले, पण दिलेलं परत कसं मागणार?

तुम्ही गेल्यावर वहिनीनं तुमचं काम उचललं. आता जळगावात तिच्या हाताखाली माणसं आहेत. नवे इंजिनियर, कॉम्प्युटरवर डिझाइन करणारे, तिला "अक्का" म्हणतात आणि जमीन बघायला नेतात. मोठ्या इमारतींना ती जमिनीत खोल काँक्रीटचे पाईल घालून घेते, खाली फुगा असलेले, म्हणजे काळ्या मातीनं वर ढकललं तरी खांब जागचा हलत नाही. तिला त्यामागचं गणित येत नाही. मला येतं. पण कोणत्या प्लॉटवर ते लागतील आणि कोणत्या प्लॉटवर नुसता मुरूम थराथरानं भरून, पाणी मारून, धुम्मसनं ठोकला की भागेल, हे ती चालत चालत सांगते. मी माती तपासणीचा अहवाल आल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. माझं चुकत नाही असं मला वाटायचं.

आता घराचं. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं केलं होतं, आबा. काळी माती आठ फूट होती. त्यातली वरची तीन फूट काढली, तिथं मुरूम भरला, जोत्याखालून चारी बाजूंनी कमरपट्ट्यासारखी बीम फिरवली. पण त्या दिवसांत मी गावोगाव शोषखड्ड्यांचा प्रचार करत फिरत होते. सांडपाणी रस्त्यावर सोडू नका, जमिनीत मुरवा, असं बायकांच्या सभेत ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. तेव्हा माझ्या घरी शोषखड्डा हवाच, आणि तो मागच्या बोळात दडलेला कशाला? गेटजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, वर सिमेंटचं झाकण, झाकणावर लाल रंगात "शोषखड्डा" लिहिलेलं. जागा मी स्वतः चुन्याची रेघ मारून दाखवली. भिंतीपासून जेमतेम तीन फूट. गवंडी म्हणाला होता, "ताई, भितडाले लागी जाई हाई. जरा तिकडे सरकाडू." मी त्याला म्हटलं, इंजिनियर तू की मी? सभेत मी स्वतः सांगते, भिंतीपासून लांब घ्या. पण लांब घेतला असता तर तो गेटातून दिसला नसता.

शेजारचे काका वास्तुशास्त्र बघतात. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, नैऋत्येला खड्डा म्हणजे घरधन्याला त्रास. मी त्यांना हसले. आता ते मला रस्त्यात भेटले की भिंतीकडे बघतात आणि फार समजूतदारपणे काही बोलत नाहीत. आमच्याकडे नळ रोज येत नाही, येतो त्या दिवशी सगळी धुणी, सगळी भांडी, अंगण धुणं, सगळं एकदम. त्या कोपऱ्याखालची माती एक दिवस चिंब व्हायची, मग आठवडाभर सुकायची, आणि बाकीचे तीन कोपरे पावसाळा सोडता कोरडे. चार वर्षं त्या मातीनं सोसलं. मग भेग दिसली. मी तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

कॅलेंडरच्या आड मी काय केलं तेही सांगते. भेगेवर आडवी एक काचेची पट्टी प्लॅस्टरनं चिकटवली आणि तिच्यावर तारीख घातली. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली, तडकली तर घर अजून हलतंय. ही युक्ती मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती, तुम्ही वहिनीला सांगत असताना मी ऐकली होती. रोज सकाळी चहा घेऊन मी कॅलेंडरचं पान उचलून बघायची. ह्यांना वाटायचं मी एकादशी बघते. विसाव्या दिवशी काच तडकलेली होती. मी नवी लावली, तीही गेली. मग त्या खोलीचं दार लागेना, आणि ह्यांनी एका इतवारी स्वतःच कॅलेंडर काढलं. ते मराठीचे शिक्षक, तावातावानं बोलत नाहीत. नुसतं म्हणाले, "वहिनींना बोलव." मी म्हटलं, नाशिकहून कन्सल्टंट आणू. ते म्हणाले, "आणू. पण आधी वहिनींना बोलव."

मी तीन आठवडे फोन केला नाही. ह्या तीन आठवड्यांत भेग वाढली हे मला दिसत होतं. घर पडलं तरी चालेल, पण तिला विचारायचं नाही, इतक्या थराला माझी मजल गेली होती. शेवटी त्या खोलीच्या दारावरच्या झरोक्याची काच आपोआप तडकली, तिचा आवाज ऐकून मी घाबरले आणि फोन लावला. वहिनी म्हणाली, "उद्या येते ताई. पाणी सोडू नका तोवर."

ती सकाळच्या एसटीनं आली. पिशवीत गमबूट. तुम्ही आणलेले नव्हेत, ते केव्हाच फाटले असतील, पण तसलेच. चहा घेतला, बिनसाखरेचा, तिला आता साखर आहे. मला वाटलं ती आधी भेग बघेल. तिनं भेगेकडे पाहिलंच नाही. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, नहाणीचं पाणी कुठं जातं, गच्चीचं कुठं पडतं, शेजारच्यांच्या बागेला पाणी कधी देतात, हे विचारलं. माझ्याशी ती शुद्ध बोलते, आबा. "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हाल का?" "ताई, उन्हात नका उभ्या राहू, मी बघते." घर बांधलेल्या त्याच गवंड्याला बोलावलं होतं, त्याला तिनं कोपऱ्यालगत खणायला लावलं. तो तीन फूट खाली गेल्यावर ती स्वतः उतरली. मी वर उभी, हातात छत्री. तिनं पहार घेऊन तळाला ठोकली, मग जरा सरकून पुन्हा ठोकली. मलासुद्धा आवाजातला फरक ऐकू आला. मूठभर माती उचलून तिनं हाताच्या पंजात दाबली, बोटांच्या फटींतून चिखल बाहेर आला.

वर बघून ती म्हणाली, "शोषखड्ड्याचं पाणी आहे ताई. सगळं ह्या कोपऱ्याखाली येऊन बसलंय." मी म्हटलं, हो, मला तसंच वाटत होतं. खोटं नव्हतं ते, वाटत होतंच. मग तिनं विचारलं, "ही जागा कोणी धरली?"

आबा, मला एक क्षणसुद्धा लागला नाही. मी म्हटलं, "गवंड्यानं."

वहिनी खड्ड्यातून वर आली. साडी सारखी केली. आणि तिथंच, गेटजवळ, वास्तुवाले काका त्यांच्या गॅलरीत उभे असताना, ती त्या माणसावर तुटून पडली. "काय रे भाऊ, डोया शेत का भोकं शेत तुले? इतला वरीस काम करस, भितडाना पायथाले पानी सोडतस का? तुना सोताना घरले करी असता का असं? ताई हापिसमा जातीस, त्यासले काय ठावं, तुले तरी अक्कल पाहिजे ना? येक कोपरा वला, तीन कोरडा, घर काय दोन्ही पायवर उभं राही का?" सगळं तुमचं होतं. मधेच थांबून कपाळावर हात मारणंही तुमचंच. मी त्या आखाजीनंतर एवढ्या जवळून ते ऐकलं नव्हतं. गवंड्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकनं अक्का." चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप.

मला लाज वाटली का? वाटली. पण लाजेच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं, ते खरं सांगते. मला त्या गवंड्याचा हेवा वाटला. ते ओरडणं माझं होतं. चूक माझी, खड्डा माझा, चुन्याची रेघ माझी, सगळा जन्म ज्याच्यासाठी पाटावर आणि खुर्चीवर बसून काढला ते तुमच्या तोंडचं ओरडणं माझ्या दारापर्यंत चालत आलं होतं, आणि मी माझ्याच तोंडानं ते दुसऱ्याला देऊन टाकलं. तो बापडा ते कुठल्या कुठं विसरून जाईल. त्याला त्याची किंमत काय?

काम झालं, होतंय. वहिनीनं खड्डा बुजवून घेतला आणि पाणी मागच्या बोळाच्या टोकाला, घरापासून लांब नेलं. कोपऱ्याखाली पाया खोल करायचा होता, काळीच्या खालच्या मूळ मुरमापर्यंत, तर तिनं सगळा कोपरा एकदम उघडू दिला नाही. तीन फूट लांबीपुरतंच खणायचं, खाली काँक्रीट भरायचं, ते पक्कं होईपर्यंत शेजारच्याला हात लावायचा नाही, मग पलीकडचं तीन फूट. घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराची फरशी घातली, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीशी बसणार नाही. भेग मात्र बुजवू दिली नाही. म्हणाली, "एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या ताई. नवी काच लावा. नाही तडकली तर मग प्लॅस्टर." कन्सल्टंट नाशिकहून आला होता, त्यानं कागदावर तेच लिहून दिलं, नकाशासकट. मी त्याला वहिनीबद्दल सांगितलं नाही, तेवढा क्षुद्रपणा अजून शिल्लक आहे. निघताना वहिनीनं माझ्या हातात आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली. "आईंच्या हाताचं नाही, पण खा," म्हणाली.

ती गेल्यावर दोन दिवसांनी मी गवंड्याला बाजूला घेतलं. म्हटलं, भाऊ, माझं चुकलं, रेघ मी मारली होती, तुझ्या अंगावर ढकललं. तो हसला. "जाऊ द्या ताई. अक्कानं बोलनं मनवर नही लेतस कोनी. ती ज्याले बोलस त्यालेच पुढला काम देस." खरंच, वहिनीनं त्याला जळगावच्या एका मोठ्या कामावर बोलावलं आहे. पुढच्या महिन्यात जाणार आहे तो.

आज सुट्टी आहे, हे क्लासला गेलेत, आणि मी त्या खोलीत बसून हे लिहिते आहे. काच अजून शाबूत आहे. हे लिहून झालं की मी ते कपाटातल्या फायलीत ठेवीन, घराच्या नकाशांबरोबर. तिथं कोणी हात घालत नाही.

वहिनीला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. रोज फोन हातात घेते. ती ओरडेल ह्याची मला भीती नाही, आबा. मला भीती आहे की ती सगळं ऐकून घेईल आणि शुद्ध मराठीत म्हणेल, "असू द्या हो ताई. तुम्ही जेवलात का?"